भरतीसाठी उपाशीपोटी पळणाऱ्या भावाचा सीआरपी वाढलाय, कमी खाण्याचा आणि अंगातल्या दाहाचा संबंध असतो का?

धनकवडीची_ताई

नमस्कार, थोडं मोठं लिहितेय, समजून घ्या. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, बीडवरून पुण्यात आलाय अग्निवीरच्या तयारीला. माझ्याकडे नाही राहत, कात्रजजवळ चार पोरांनी मिळून खोली घेतलीये कारण अकॅडमी तिकडं आहे आणि पहाटे साडेचारला ग्राउंड असतं. आला तेव्हा ६३ किलो होता, उंची १७१. सात आठवड्यांत ५६ वर आलाय. मागच्या रविवारी जेवायला आला तेव्हा हात धुताना बघितलं तर घड्याळाच्या पट्ट्याला कर्कटकाने नवीन भोक पाडलेलं आणि तरी घड्याळ मनगटावर फिरत होतं. विचारलं तर म्हणतो ताई हलकं झालं की टायमिंग सुधारतं, सर सांगतात पोट रिकामं ठेवा. अकॅडमीत दर सोमवारी सगळ्यांची वजनं बोर्डावर लिहितात म्हणे आणि ज्याचं वाढलं त्याला दोन राउंड जादा.

पण टायमिंग सुधारलेलं नाहीये हेच तर मला कळत नाही. आला तेव्हा १६०० मीटर ५ मिनिटं २८ सेकंदांत मारत होता, आता ५.५० लागतात. डाव्या नडगीत दुखतंय, सर्दी जात नाही, रात्री झोप लागत नाही म्हणतो. म्हणून जबरदस्तीने रक्त तपासून घेतलं, सकाळचं ग्राउंड करून आला आणि दुपारी रक्त दिलं. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ६४, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) ९. जवळच्या क्लिनिकमधे दाखवलं तर म्हणाले फेरिटिन नॉर्मल आहे म्हणजे लोह आहे, थोडं इन्फ्लमेशन म्हणजे दाह आहे, पाच दिवस गोळ्या घ्या.

आता माझा प्रश्न. मी कुठंतरी वाचलं की परदेशात सैनिकांना कष्टाच्या ट्रेनिंगमधे कमी खायला मिळालं की त्यांच्या शरीरात दाह वाढतो असं संशोधन झालंय. पण इकडे सगळेच सांगतात की उपासाने दाह कमी होतो. मग खरं काय? आणि हे सगळं फक्त सैनिकांना लागू आहे की खोलीवर राहून तयारी करणाऱ्या पोरांनाही? त्याला समजावायचं तर माझ्याकडे काहीतरी ठोस पाहिजे, नुसतं खा खा म्हटलं की तो फोन ठेवतो.

तळजाई_पहाटे

ताई मी रोज तळजाईला पळतो, तिथं अशी पोरं दिसतात. पहिला महिना सुसाट असतात, दुसऱ्या महिन्यात चढावर चालायला लागतात आणि तिसऱ्यात दिसतच नाहीत. मी स्वतः अल्ट्रा मॅरेथॉनच्या तयारीत असताना वजन उतरवायच्या नादात हेच करून बसलो होतो, रोज २० किलोमीटर आणि रात्री फक्त सूप. पाय असे जड व्हायचे की सिंहगडाच्या पायऱ्या चढल्यासारखं घरचा जिना चढायचो. आधी नडगीचं बघा. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी जीव जातो की सगळ्या हाडाच्या कडेने दुखतं? एकाच बिंदूवर दुखत असेल आणि एका पायावर उडी मारवत नसेल तर पळणं आजच बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे, ते हाडाला बारीक चीर गेल्याचं लक्षण असू शकतं.

सोळा_आठ

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. माझं वय ४६, दीड वर्षापासून सोळा तास उपास आणि आठ तासांत दोन जेवणं करतोय. वजन ८८ वरून ७९ झालं, सीआरपी ४ च्या वर होता तो आता १ च्या खाली आहे, गुडघे दुखायचे थांबले. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी हे सगळं उगाच नाही. त्यामुळे कमी खाल्ल्याने दाह वाढतो हे मला पटत नाही, मुलाला दुसरं काहीतरी इन्फेक्शन असेल ते शोधा.

शरीरशास्त्र_शिकवते

ताई, मी फिजिओलॉजी शिकवते, पेशंट तपासत नाही, त्यामुळे औषधाबद्दल काही बोलणार नाही. पण विषय जवळचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सोळा_आठ यांच्याबद्दल. त्यांचं खोटं नाहीये. अंगावर जादा चरबी असलेल्या, रात्री झोपणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या माणसाने खाणं कमी केलं तर दाह उतरतो. इतकंच काय, अमेरिकेत कॅलरी नावाची दोन वर्षांची ट्रायल झाली होती त्यात लठ्ठ नसलेल्या लोकांनी साधारण १२ टक्के कमी खाल्लं आणि त्यांचाही सीआरपी खाली आला. पण १२ टक्के म्हणजे तीन पोळ्यांतली अर्धीसुद्धा नाही, आणि ती माणसं पहाटे उठून टेकडीवर स्प्रिंट मारत नव्हती. शरीराला एवढी छोटी तूट सोसते, त्यात ते नीटनेटकं होतं. प्रचंड कष्ट, अर्धी झोप आणि निम्मं जेवण हे तिन्ही एकत्र आलं की गणित उलटं फिरतं.

आता सैनिकांचं. अमेरिकी लष्कराची नेटिक गावात एक संशोधन संस्था आहे, थंडी, उंची, उष्मा, भूक यात सैनिकाच्या शरीराचं काय होतं हेच तिथं बघतात. त्यांनी नॉर्वेच्या सैनिकांबरोबर आर्क्टिकमधे बरंच काम केलंय. तिथं सैनिक बर्फात स्कीवर सामान घेऊन दिवसचे दिवस चालतात, खर्च दिवसाला ६००० कॅलरीच्या आसपास जातो आणि पोटात त्याच्या निम्मंही पडत नाही, कारण खायला वेळ नाही, डबा गोठलेला, भूक मेलेली. चार दिवसांच्या ५१ किलोमीटरच्या अशा एका मोहिमेनंतर तपासलं तर त्यांच्या आतड्याचं अस्तर आधीपेक्षा बरंच जास्त झिरपायला लागलं होतं, म्हणजे जे आतड्यातच राहायला पाहिजे ते थोडं थोडं रक्ताच्या बाजूला येत होतं, आणि ज्यांच्यात हे जास्त होतं त्यांच्यात दाहाच्या खुणाही जास्त. काही जणांना जादा प्रोटीनचे आणि काहींना जादा पिठूळ-गोडाचे बार दिले होते, तरी आतडं सगळ्यांचंच झिरपलं.

पण आर्क्टिकमधे थंडी आहे, झोप नाही, ओझं आहे, मग दोष भुकेचाच हे कशावरून? ही शंका कुणीही घेईल आणि घ्यावीच. म्हणून त्याच लोकांनी पुढे एक फार चांगला प्रयोग केला. १० सैनिक घेतले, त्यांच्याकडून ७२ तास लढाईसारखे कष्ट करून घेतले, आणि हेच दोनदा केलं. एकदा जेवढं खर्च होतंय तेवढं खायला दिलं आणि एकदा साधारण निम्मं. माणूस तोच, काम तेच, झोपेचे हाल तेच, बदललं फक्त ताट. निम्म्या जेवणाच्या वेळी दाहाचा निरोप नेणारा रक्तातला आयएल-६ जास्त वाढला, हेप्सिडिन नावाचं लोह अडवणारं हार्मोन जवळजवळ दुप्पट झालं, आणि अन्नातलं लोह शरीरात कमी शोषलं गेलं.

हे का होतं ते सांगते कारण तुमच्या भावाला हेच समजावून सांगता येईल. स्नायूत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजन. पळताना तो संपत आला की स्नायू स्वतःच आयएल-६ रक्तात सोडतो. हा काही आजार नाही, स्नायूने यकृताला धाडलेला निरोप आहे की माझ्याकडचं संपलं, तू साखर सोड, चरबी मोकळी कर. पोटभर खाल्लेल्या माणसात हा निरोप जातो, काम होतं, काही तासांत सगळं शांत. पळताना साखरेचं काही पोटात गेलं तर निरोप हळूच जातो, हेही बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. रिकाम्या साठ्यावर पळणाऱ्याचा निरोप मात्र आरोळीसारखा जातो आणि रोज जातो. आता यकृताला हाच आयएल-६ जंतुसंसर्गातही दिसतो. मग ते सवयीप्रमाणे हेप्सिडिन सोडतं. आतड्याच्या पेशीत लोह शिरलं तरी तिथून रक्तात जायला एकच दार असतं, हेप्सिडिन ते दारच काढून टाकतं, हेतू हा की जंतूंना लोह मिळू नये. पण जंतू नाहीतच, आहे फक्त उपाशी पोरगं, आणि त्याच्या ताटातली पालेभाजी आतड्यातून तशीच बाहेर जाते.

पळून झाल्यावर साधारण तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन सगळ्यात वर असतं. तुमचा भाऊ पहाटे पळून ११ ला जेवत असेल तर त्याचं दिवसातलं मुख्य जेवण बरोबर त्या वेळात येतंय.

तो दिवसभरात नेमकं काय खातो ते जरा लिहा, आकडा काढून बघू.

धनकवडीची_ताई

इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून थँक्यू. आज फोन करून सगळं विचारलं. पहाटे काळा चहा, कधी एक केळं. ग्राउंड साडेचार ते साडेसात. ११ ला मेसचा डबा, तीन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, वाटीभर भात. साडेचारला परत चहा आणि मारीची पाच-सहा बिस्किटं. संध्याकाळी परत दीड तास, पुलअप्स आणि बाकीचं. रात्रीचं जेवण सोडलंय, पाण्यात प्रोटीन पावडर आणि काकडी. म्हणतो प्रोटीन घेतोय ना मग काय अडचण.

आणि एक विचारायचं राहिलं. फेरिटिन ६४ आहे तर लोह चांगलं आहे ना?

शरीरशास्त्र_शिकवते

ढोबळ हिशोब करू. तुम्ही लिहिलंय ते सगळं धरून फार फार तर १५०० कॅलरी होतात. पळण्यात किलोमागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाते, ५६ किलोचा मुलगा दिवसाला दहा किलोमीटर पळतो धरलं तर ५६० तिथंच गेल्या, बाकी पीटी, पुलअप्स, चढाचे स्प्रिंट मिळून हजाराला पोचतो. उरल्या ५००. या पाचशेत हृदय, मेंदू, यकृत, हाडांची दुरुस्ती, रक्त तयार करणं, सर्दीशी लढणं हे सगळं चालायचंय. खेळाडूंच्या अभ्यासात हे मोजायची एक रीत आहे, व्यायामाचा खर्च वजा करून जे उरतं ते चरबी सोडून बाकीच्या शरीराच्या किलोने भागायचं. ३० च्या खाली गेलं तर धोका, ४५ च्या आसपास असावं. त्याचं चरबी सोडून वजन ५० किलो धरलं तर त्याचं येतंय १०. दहा! ४५ ला पोचायचं तर याच ट्रेनिंगवर त्याला ३२०० च्या पुढे लागतात, म्हणजे आत्ताच्या दुप्पट.

आणि प्रोटीनचं. एकूण ऊर्जाच नसेल तर शरीर ती महागडी पावडर चुलीत घालतं, स्नायू बांधायला फार उरत नाही. आधी पोळी, भात, भाकरी, गूळ, तेल, दाणे यांनी चूल भागवा मग प्रोटीन आपल्या कामाला लागेल. खिशाच्या दृष्टीनेही हेच बरं, त्या डब्याच्या पैशात महिन्याचे दाणे आणि गूळ येतो.

फेरिटिनचं मात्र नीट ऐका. फेरिटिन हे लोहाचं कोठार आहे हे खरं पण दाह असला की ते आपोआप वर चढतं, कोठारात माल असो नसो. सीआरपी ९ असताना, त्यात सकाळी जोरात पळून दुपारी दिलेल्या रक्तात, ६४ हा आकडा विश्वासाचा नाही. हिमोग्लोबिन १२.१ हे १९ वर्षांच्या मुलाला कमीच आहे, १३ च्या वर पाहिजे. दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती घेऊन, सर्दी नसताना, सकाळी परत तपासा.

आणि हे अगदी महत्त्वाचं, खोकला आहे का? दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन उतरणं, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीसाठी बेडका तपासायला द्या, फुकट होतं. सात किलो वजन गेलेल्या, चौघांत एका खोलीत राहणाऱ्या मुलाला सगळं भुकेवर ढकलून चालत नाही. सोळा_आठ यांनी इन्फेक्शन शोधा म्हटलं ते या अर्थाने बरोबरच आहे.

रिटायर्ड_सुभेदार

बेटा, मी २६ वर्षं फौजेत काढली, आता दिघीला असतो. तुझी पोस्ट सकाळपासून तीनदा वाचली. जे सर पोट रिकामं ठेवा म्हणतात त्यांना कुणीतरी विचारा की फौजेत रंगरूटाला उपाशी ठेवतात असं त्यांना कुणी सांगितलं. आम्ही सेंटरला आलो तेव्हा पहिले काही आठवडे लंगरमधून उठूच देत नव्हते, उस्ताद मागे उभा राहून बघायचा कुणी रोट्या टाकून देतोय का. रगडा म्हणजे शिक्षेची कवायत भरपूर मिळाली, पण रोटी कुणी मोजून दिली नाही. रोड मार्चला निघालं की पाठीवरच्या पिठ्ठूमधे पुरी-भाजी आणि शक्करपारे, चालता चालता खायचे. तेव्हा वाटायचं लाड करतायत, आता या मॅडमनी लिहिलेलं वाचून कळलं की त्या शक्करपाऱ्याचं काम काय होतं.

मी उंचावर बर्फात पण राहिलोय. तिथं भूक लागतच नाही. समोर काजू, चॉकलेट, डब्यातला रसगुल्ला सगळं असतं आणि गिळवत नाही, वास नको वाटतो. आमचे साहेब स्वतः फिरून बघायचे कोण खात नाहीये, न खाणारा म्हणजे दोन दिवसांनी आजारी पडणारा हे ठरलेलं असायचं. एकदा माझ्या तुकडीतला कोल्हापूरकडचा एक पोरगा, अंगाने पैलवान, चार दिवस चहा-बिस्किटावर राहिला, कुणाला बोलला नाही, पाचव्या दिवशी बोटाला साधी खरचट झाली ती पिकली आणि त्याला खाली पाठवावं लागलं. खरचट सगळ्यांनाच झाली होती. ते बोट अजून डोळ्यासमोर आहे, मीच पट्टी बांधली होती.

आणि एक, भरतीत नुसतं पळणं नसतं. मेडिकलला उंचीच्या मानाने वजन बघतात. ग्राउंड काढून मेडिकलला अडकलेली पोरं मी बघितलीयत, आई-बाप गेटबाहेर उभे असतात. १७१ ला ५६ आणि अजून उतरतंय हे बरं नाही.

तळजाई_पहाटे

काकांनी बोटाचं लिहिलं त्यावरून विचारतो, मग उपाशी राहिल्यावर दाह वाढतो की प्रतिकारशक्ती कमी होते? दोन्ही एकदम कसं?

शरीरशास्त्र_शिकवते

चांगला प्रश्न आहे, माझे विद्यार्थी पण इथंच अडतात. पहिले काही दिवस आरोळी जास्त, म्हणजे आयएल-६ वगैरे वर. पण उपासमार आठवडेच्या आठवडे चालली की शरीर जिथं परवडत नाही तिथं खर्च कापतं, आणि जंतूशी लढणाऱ्या पेशी तयार करणं हे फार खर्चिक काम आहे. याचं सगळ्यात ठळक उदाहरण रेंजर स्कूलचं, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या एका फार खडतर ट्रेनिंगचं. १९९१ मधे तिथं आठ-नऊ आठवड्यांच्या कोर्समधल्या मुलांना तपासलं, चार-चार तासांपेक्षा कमी झोप आणि जेवणात मुद्दाम कपात. वजन सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास गेलं, अंगातली चरबी सहा टक्क्यांखाली, म्हणजे निरोगी पुरुषाचं शरीर जिथंवर उतरू शकतं तो तळच, टेस्टोस्टेरॉन म्हाताऱ्या माणसासारखं, आणि रक्तातल्या लढाऊ पेशींना प्रयोगशाळेत डिवचलं तर त्या नीट वाढत नव्हत्या. इन्फेक्शन भरपूर. मग १९९२ च्या तुकडीला कोर्स तोच ठेवून जेवण थोडं वाढवलं, फार नाही, आणि वजनातली घट १३ टक्क्यांवर आली, पेशींची हालत सुधारली, इन्फेक्शन कमी झाली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की पोटभर दिलं नव्हतं, थोडंच वाढवलं होतं, आणि तेवढ्यानेही फरक पडला. त्यामुळे त्या मुलाने उद्यापासून एकदम ३२०० खायला पाहिजे असं नाही, रोज चारशे-पाचशे वाढवत गेला तरी शरीर लगेच ओळखतं.

त्या बोटाचं तसंच. जखम भरायलाही आधी थोडा दाह लागतोच, तो वेळेवर पेटायला आणि वेळेवर विझायला पाहिजे. उपाशी शरीराला दोन्ही नीट जमत नाही.

नवी_पेठ_मेसवाली

मी १४ वर्षं मेस चालवते, एमपीएससीची आणि पोलीस भरतीची पोरं जेवायला असतात. डोळ्यासमोर बघते म्हणून सांगते, ग्राउंडची तयारी करणारं पोरगं जेव्हा मावशी दोनच पोळ्या म्हणायला लागतं ना तेव्हा मी त्याच्या ताटात न विचारता तिसरी टाकते आणि वर तूप. आधी पोटोबा. पोरं लाजतात, पैसे वाढतील म्हणून पण मागत नाहीत हे लक्षात ठेवा, घरून येणारे पैसे मोजके असतात. तुमच्या भावाला वजनाची भीती आहे का पैशाची हे पण एकदा हळूच विचारा.

पहाटेचं सांगते. साडेचारला कुणाला जेवण जात नाही, ते खरं. पण राजगिऱ्याचा लाडू आणि केळं जातं. ग्राउंडवरून आल्या आल्या, आंघोळीच्या आधी, मूठ-दीड मूठ भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर दोन उकडलेली अंडी आणि पाव. दाणे ५० ग्रॅम आणि गूळ २५ ग्रॅम म्हणजे पावणेचारशे कॅलरी होतात असं माझी पुतणी सांगते, ती डायटिशियनचं शिकतेय. रात्री पिठलं आणि ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पिठल्यात तेल सोडायचं, कंजुषी नाही. जेवणावर लिंबू पिळा, आणि जेवल्यावर लगेच चहा नको, चहाने लोह अडतं.

धनकवडीची_ताई

मावशी तुम्ही बरोबर ओळखलंत. काल खोलीवरच गेले. बाकीची तिघं बाहेर गेल्यावर विचारलं तेव्हा बोलला, दोन वेळचा डबा ३२०० रुपये आणि एक वेळचा १८०० रुपये होता म्हणून त्याने रात्रीचा बंद केलेला, आणि प्रोटीनचा डबा सरांनी सांगितला म्हणून उरलेल्या पैशांतून घेतलेला. वजन उतरल्यावर बोर्डावर त्याचं नाव वर गेलं मग त्याला तेच बरोबर वाटायला लागलं. मला फार वाईट वाटलं, एवढ्या जवळ राहून मला कळलं नाही. सगळ्यांची उत्तरं त्याला फोनवर वाचून दाखवली, सुभेदारकाकांचं त्याने स्वतःहून परत वाचलं. नडगीला एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखतंय, उद्या हाडाच्या डॉक्टरांकडे नेतेय. खोकला आहे, दहाएक दिवस झाले. बेडका पण देतो.

धनकवडीची_ताई

सहा आठवड्यांनी लिहितेय, कुणी बघत असेल तर. बेडका आणि एक्सरे दोन्ही चांगले निघाले. नडगीच्या हाडावर ताण आलेला होता, चीर नव्हती, पण तीन आठवडे पळणं बंद केलं होतं, फक्त सायकल आणि पुलअप्स. अकॅडमी बदलली, हे नवीन सर बोर्ड लावत नाहीत. रात्रीचा डबा परत चालू केला, सकाळी लाडू-केळं आणि आल्यावर दाणे-गूळ. पहिले दहा दिवस पोट फुगायचं, जात नव्हतं, मग जायला लागलं. आता ५९.४ किलो. झोप लागते. पळायला लागून तीन आठवडे झाले, परवा ५.३६ लागले.

आणि शरीरशास्त्रवाल्या मॅडम, तुम्ही म्हणालात तसं दोन दिवस विश्रांती घेऊन सकाळी रक्त दिलं. सीआरपी १.१ आलाय. पण फेरिटिन १९! आधी ६४ होतं ना, मग जेवण वाढवून कमी कसं झालं? मी तर घाबरलेच. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी लोहाची गोळी सुरू केलीये. पोरगा विचारतोय गोळी कधी घेऊ, ग्राउंडच्या आधी की नंतर.

शरीरशास्त्र_शिकवते

कमी झालं नाहीये, ते आधीच कमी होतं, आता दिसलं. दाहाने आकडा फुगवला होता तो उतरला आणि कोठार रिकामं आहे हे कळलं. शिवाय जेवण मिळाल्यावर शरीराने परत रक्त बनवायला घेतलं असणार, त्यातही लोह खर्च होतं. सीआरपी १.१ ही फार चांगली बातमी आहे, म्हणजे हेप्सिडिनही आता उतरलेलं असणार आणि गोळीचा उपयोग होईल, सहा आठवड्यांपूर्वी तीच गोळी बरीचशी वाया गेली असती.

वेळ डॉक्टरांना विचाराच, पण माझ्या मते ग्राउंडवरून आल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली, कारण हेप्सिडिन चढायला तीनेक तास लागतात. पोटात मळमळलं तर दिवसाआड चालेल का तेही विचारा, रोज घेण्यापेक्षा दिवसाआड चांगली शोषली जाते असं काही अभ्यासांत दिसलंय. गोळीनंतर तास-दीड तास चहा नाही, दूध नाही.

नवी_पेठ_मेसवाली

आणि शी काळी होते त्या गोळीने, आधीच सांगून ठेवा त्याला, नाहीतर पोरं घाबरून बंद करतात. खोलीवरच्या बाकीच्या तिघांना पण घेऊन या एकदा माझ्याकडे जेवायला, गुरुवारी भाकरी-पिठलं असतं.